युगुलगीतातला तिसरा आवाज

हिवाळी कोट आवाज पितात. लोकरीचे जास्त, पिसांचे कमी.

फ्रेंचमध्ये कुंडी आणि बरणी दोन्हींना एकच शब्द चालतो.

न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरमधल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी ओल शोषणारं यंत्र बंद करतात. ते पेटीच्या काळी चार पट्टीच्या जवळपास घुमतं, पण नेमकं काळी चारला लागत नाही, आणि घरमालकाला ते सोसत नाही.

गुरूने आपल्या शिष्याला दाद देऊ नये. दिली की शिष्य तिथेच बसतो. (नागपूर, महालातली एक खोली, फार पूर्वी.)

बेल्जियममधल्या एका बसड्रायव्हरने शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाल्यावर छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि एक मराठी शब्द उच्चारला. तो मराठी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

रत्नाताईंना वाटलं, घरात उंदीर शिरलाय. राखाडी मफलरच्या टोकाचे धागे निघाले होते. त्यांनी गराजमध्ये सापळा लावला. त्यात काहीच सापडलं नाही.

एक निवृत्त गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला फार्मसीच्या रांगेत उभे होते. छतातल्या स्पीकरमधून त्यांचा स्वतःचा आवाज आला. त्यांनी मान खाली घातली.

•

ते गृहस्थ म्हणजे श्रीराम दातार. नोकरीची सगळी वर्षं एका औषध कंपनीत संख्याशास्त्र केलं आणि घरी येऊन गाणं केलं. आता नोकरी संपली, गाणं उरलं. रविवारी आसपासची मुलं सॉकरच्या मैदानावरून थेट त्यांच्या बेसमेंटमध्ये येतात, गुडघ्यांना गवत लागलेलं असताना मांडी घालून बसतात आणि सा लावतात. दातारांकडे दोनच शेरे. ‘हं’ म्हणजे चुकलं नाही. ‘पुन्हा’ म्हणजे चुकलं. तिसरा शेरा नाही.

माणूस कंजूष नव्हता. एडिसनला कुणा गवयाची मैफल असली की दातार पहिल्या रांगेत, आणि एखादी जागा मनासारखी आली की त्यांचा ‘वा’ असा सुटायचा की माइकवाल्याने वळून बघावं. परक्याला हात सैल. घरच्याला आणि शिष्याला मूठ बंद. त्यांच्या गुरूंनी त्यांना तसंच वाढवलं होतं.

आणि इला तर दोन्ही होती, मुलगीही आणि शिष्याही.

नऊ वर्षं तिने ‘हं’ आणि ‘पुन्हा’ ऐकलं. पंधराव्या वर्षी एका सकाळी तानपुऱ्याचं ॲप बंद करून ती म्हणाली, “आय ॲम डन, बाबा.”

“हं,” दातार म्हणाले.

•

फ्रेंच आलं ते इलाच्या आईमुळे, रत्नाताईंमुळे. शाळेत दुसरी भाषा निवडायची होती. “स्पॅनिश काय, सगळेच घेतात,” त्या म्हणाल्या, आणि पोरीच्या नशिबाचं एक टोक तिथे बांधलं गेलं. मोठी झाल्यावर इला जर्सी सिटीत राहायला गेली, दिवसा एका बँकेसाठी ॲप्सचे स्क्रीन आखायची आणि उरलेल्या वेळात गाणी लिहायची. तिथे तिला विल्नर भेटला. हैतीहून आलेल्या आईबापांचा, न्यू जर्सीत वाढलेला, शाळेत संगीत शिकवणारा. त्याच्या घरी बोलायला क्रेओल, चर्चमध्ये गायला फ्रेंच. फ्रेंच ही दोघांचीही घरची भाषा नव्हती, म्हणूनच त्यांना ती बरी पडली. तीत कुणाची आई आड येत नव्हती.

दोघांनी मिळून एक गाणं केलं. ती म्हणते, किल्ली कुंडीखाली ठेवली होती, तू आलाच नाहीस. तो म्हणतो, आलो होतो, कुंडी होती, किल्ली नव्हती. एवढंच. तीन मिनिटं दोघं हेच एकमेकांना सांगत राहतात आणि कोण खोटं बोलतंय ते शेवटपर्यंत कळत नाही.

जर्सी सिटीच्या घरात खिडकीखालून गाड्या जायच्या. म्हणून रेकॉर्डिंग वेस्ट विंडसरला. इला वरच्या मजल्यावरच्या कोटांच्या कपाटात शिरून, दार ओढून घेऊन गायली. ते सकाळी. विल्नर बेसमेंटमध्ये, दातारांच्या सतरंजीवर उभा राहून, हेडफोनमध्ये तिचा सकाळचा आवाज ऐकत गायला. ते दुपारी. तेव्हा इला आईला घेऊन ग्रोसरीला गेली होती. कोथिंबीर संपली होती.

दातार कोपऱ्यात बसले होते. त्यांचीच खोली, जाणार कुठे? यंत्र बंद केलं होतं. “मी हूं की चूं करणार नाही,” असं त्यांनी विल्नरला इंग्रजीत सांगितलं होतं.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ‘पो’ हा शब्द आहे, म्हणजे कुंडी. विल्नर त्या शब्दावर थेट खाली उतरला नाही. वाटेतल्या एका सुराला त्याने नुसता स्पर्श केला, थांबला, जणू दाराशी आलाय आणि आत जावं की नाही ठरवतोय, आणि मग उतरला. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. चर्चमध्ये आईच्या शेजारी उभं राहून आलेलं असणार.

“वा!”

दातारांच्या तोंडून सुटलं. गेलं माइकमध्ये.

“सॉरी,” ते म्हणाले.

विल्नर हसला. “राहू दे, अंकल. काढता येतं ते.”

काढलं नाही. ट्रॅक माँट्रियलला एका मिक्स करणाऱ्याकडे गेले. त्याला तो आवाज भलताच आवडला. पण विल्नरच्या ओळीमागून लगेच ड्रम येत होता, तिथे ‘वा’ दबून जात होता. पुढे इलाच्या ओळीनंतर एक श्वासभर मोकळी जागा होती. त्याने तो उचलला आणि तिथे ठेवला. मिक्स करणाऱ्याला त्यात गैर काय दिसणार? त्याच्या लेखी तो एक छान आवाज होता, आणि छान आवाज मोकळ्या जागी ठेवायचा असतो.

•

इलाने तयार गाणं पहिल्यांदा ऐकवलं ते स्वयंपाकघरात, फोनवर, ओट्याला टेकून. तिची ओळ संपली. ‘वा!’

ती बापाकडे बघत राहिली.

“तू दाराबाहेर होतास,” ती म्हणाली. “कपाटाच्या बाहेर. मला वाटलंच होतं कुणीतरी आहे. यू सेड इट, बाबा!”

दातारांना जागा बदललेली तत्क्षणी कळली. आपला आवाज आपल्याला कळतो. पण पोरीचं तोंड असं काही झालं होतं की त्यांना ती सहा वर्षांची असताना बर्फ पहिल्यांदा हातात धरलेली आठवली.

“हं,” ते म्हणाले.

ती हसायला लागली आणि हसता हसता तिने नाक पुसलं. रत्नाताईंनी गॅस बंद केला.

•

गाणं आधी क्वेबेकच्या रेडिओवर लागलं. मग फ्रान्स, मग बेल्जियम. अमेरिकेत फ्रेंच गाणं चालत नाही असं रेकॉर्ड कंपनीतले सगळे म्हणत होते, आणि ते खरंच चाललं नसतं. पण लोकांनी त्या ‘वा’वर व्हिडिओ करायला सुरुवात केली. छातीवर हात, डोळे मिटलेले, ‘वा!’ टोस्ट नीट भाजला गेला, वा! बॉसने मीटिंग रद्द केली, वा! मांजराने उडी मारली, वा! ऐकणाऱ्यांचा आकडा कोटींच्या घरात गेला. एका विमान कंपनीने ते जाहिरातीला घेतलं. सोनेरी तबकडी काचेच्या चौकटीत घालून वेस्ट विंडसरला आली. रत्नाताईंनी ती दिवाणखान्यात, सत्यनारायणाच्या फोटोशेजारी टांगली.

पॅरिसमध्ये इलाला कुणीतरी विचारलं, हा आवाज कुणाचा? ती फ्रेंचमध्ये म्हणाली, “माझ्या बाबांनी आयुष्यात एकदाच माझं कौतुक केलं. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय.”

ते वाक्य पोस्टरवर गेलं.

तिथून पुढे ती प्रत्येक मुलाखतीत ते म्हणू लागली. विल्नर शेजारी बसलेला असायचा. हसायचा, पाणी प्यायचा.

मराठी मंडळातल्या सुचित्रा काकू देवळाच्या पार्किंगमध्ये भेटल्या. “अहो दातार, एकदा लाइव्ह म्हणा ना! आमच्या वीरला खरंच वाटत नाही तुम्ही ‘वा’ म्हणता म्हणून. क्लासमध्ये तीन वर्षं येतोय, म्हणतो, सर तर नुसतं ‘पुन्हा’च म्हणतात!”

दातारांनी गाडीची किल्ली शोधण्याचं नाटक केलं. ती हातातच होती.

•

फोन. विल्नरचा. तो इंग्रजीत बोलतो.

“अंकल, बिझी नाही ना?”

“बोल.”

“कंपनी नवीन आवृत्ती काढतेय. त्यात प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा देणार. तिचा वेगळा, माझा वेगळा, ड्रम वेगळे. लोक त्यांचं त्यांचं मिक्स करतील म्हणून.”

“बरं.”

“माझ्या ट्रॅकवर तुम्ही आहात. माझ्या ओळीनंतर. तिच्या ट्रॅकवर नाही आहात.”

दातारांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अंकल?”

“तुला आधीपासून माहीत होतं.”

“मी तिथे होतो ना.”

“मग बोलला का नाहीस?”

“तिचं ऐकलंय ना, ती ते वाक्य कसं म्हणते? मी काय बोलणार?” मग तो म्हणाला, “मी तो आवाज माझ्या ट्रॅकवरून पुसून टाकू शकतो. एका क्लिकचं काम. कुणाला कळणार नाही. तुम्ही सांगाल तसं.”

“हं.”

“एक विचारू? पुसण्याआधी. तो माझ्यासाठी होता?”

बेसमेंटमध्ये यंत्र घुमत होतं. दातारांनी हात लांब करून ते बंद केलं.

“तुझ्यासाठीच होता,” ते म्हणाले. “त्या ‘पो’वर. तू जे थांबलास ना, ते.”



“थँक यू, अंकल,” विल्नर म्हणाला.

•

“नाही सांगायचं,” रत्नाताई म्हणाल्या. त्या कणीक तिंबत होत्या. “अजिबात नाही.”

“दाद दिलेली परत घेत नाहीत, रत्ना. ती ज्याची त्याची असते. आपण त्या मुलाच्या हातातली काढून दुसरीकडे ठेवली.”

“आपण नाही ठेवली. त्या माँट्रियलवाल्याने ठेवली.”

“मी गप्प बसलो, म्हणजे मीच ठेवली.”

“अहो, जन्मात एकदा चुकून पोरीला चांगलं बोललात. तेही परत घ्यायला निघालात?”

“तिला बोललोच नव्हतो, हेच तर—”

“मग आता बोला! कोण अडवतंय? तोंड आहे ना? एडिसनला जाऊन परक्यांच्या पोरांना वा वा करता तेव्हा बरं चालतं ते!” त्यांनी कणकेचा गोळा परातीत आपटला. “आणि पुसतोय ना तो बिचारा आपण होऊन? पुसू दे. गुणी मुलगा आहे.”

“गुणी आहे म्हणूनच.”

“तुमचे ते गुरुजी नागपुरात वारले,” रत्नाताई म्हणाल्या, “पण माझ्या घरातून काही जाईनात.”

•

शनिवारी दुपारी इला ट्रेनने आली. दातार प्रिन्स्टन जंक्शनच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होते. ती पाठीवरची बॅग मागे टाकून पुढे बसली, पट्टा लावला. गाडी सुरू झाली नाही.

“बाबा? आई ठीक आहे ना?”

“ती माझ्यावर चिडलीय, म्हणजे ठीकच आहे.”

“आता काय केलंस?”

“अजून नाही केलं.” त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. ड्रायव्हिंगच्या परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. “तो ‘वा’ आहे ना, गाण्यातला. तो तुझ्या ओळीवरचा नाही.”

“म्हणजे?”

“विल्नरच्या ओळीवरचा आहे. दुपारचा. तू आईबरोबर ग्रोसरीला गेली होतीस. मिक्स करताना तो हलवला.”

“स्टॉप इट.” ती हसली. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं, कुणी उचलायला विसरल्यासारखं.

समोरून घडीची सायकल ओढत एक बाई गेली. फलाटावर कसलीशी घोषणा झाली.

“किती दिवस माहितीय तुला?”

“पहिल्यापासून.”

“किचनमध्ये? तेव्हा?”

“हो.”

“आणि मी अख्ख्या जगाला सांगत फिरतेय. पोस्टरवर आहे ते, बाबा. एअरपोर्टवर!” तिने खिडकी खाली केली, पुन्हा वर केली. “व्हाय आर यू टेलिंग मी?”

“कारण तो त्याचा आहे.”

“विल्नरने नुसती इडली खाल्ली तरी त्याची आई टाळ्या वाजवते! ही इज फाइन!”

“कुणाला किती मिळतात त्यावर ते ठरत नाही.”

“ऑफ कोर्स नाही. सूर कसा लागला त्यावर ठरतं. आय नो. आय ग्रू अप इन दॅट बेसमेंट.” मग तिने कोरड्या, कामाच्या आवाजात विचारलं, “तो ‘पो’?”

“हो.”

“तिथे तो चांगलाच आहे.”

“फार चांगला.”

“येस. मी तिथे दर वेळी शहारते. स्टेजवरसुद्धा.” तिने नखाने पट्ट्याची कड खरवडली. “मग मी गात होते तेव्हा? तू दाराबाहेर नव्हतासच?”

‘होतो’ एवढा शब्द दातारांच्या जिभेवर आला. पण त्याच्यामागे जे सांगावं लागलं असतं ते आज, इथे, या गाडीत कोण खरं मानणार? एका हाताने काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने खाऊ द्यायचा. रडणाऱ्या पोराला देतात तसा. तिने तो घेतलाही असता, आणि तोंडात ठेवताक्षणी तिला कळलं असतं.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

तिने मान हलवली. समोरच्या काचेकडे बघत तिने ती ओळ म्हटली, तिचीच, हलक्या आवाजात. किल्ली कुंडीखाली ठेवली होती. फ्रेंच शब्द, पण ‘ठेवली होती’वर तिने जो श्वास सोडला तो दातारांच्या सतरंजीवरचा होता. गाडीत सूर थोडा वेळ राहिला.

“वा,” दातार म्हणाले.

तो शब्द दोघांनी ऐकला. त्याला वजन नव्हतं. उशिरा आलेल्या पाहुण्याने दारातूनच निघून जावं तसा तो आला आणि गेला.

“नको, बाबा,” इला म्हणाली. “प्लीज.”

तिने मागे हात घालून बॅग ओढली. “आईला सांग, काम आलं.”

“तिने पुरणपोळ्या केल्यात.”

“मग फ्रीज कर.”

दातारांनी तिला जिना चढून फलाटावर जाताना पाहिलं. पुढच्या गाडीला वेळ होता. ती बाकावर न बसता उभीच राहिली, कानात हेडफोन घालून. ती काय ऐकत होती ते इथून कळायला मार्ग नव्हता.

•

नवी आवृत्ती आली. ‘वा’ विल्नरच्या ओळीनंतर होता, जागच्या जागी, ड्रमच्या जरा आधी. विल्नर पुसायला तयार होता, पण इलानेच कंपनीला कळवलं की पुसायचा नाही, आणि मुख्य गाण्यातही आपल्या ओळीनंतरचा काढून तो मूळ जागी न्यायचा. कंपनीने आधी नाही म्हटलं. मग म्हटलं, या गोष्टीचीही जाहिरात होईल. झाली. गाणं पुन्हा वर चढलं.

पोस्टर उतरलं. मुलाखतीत कुणी वडलांविषयी विचारलं तर इला म्हणायची, “ते उत्तम शिक्षक आहेत.” आणि पाणी प्यायची.

विल्नरची आई एका रविवारी दोन बसेस बदलून वेस्ट विंडसरला आली. तिने स्वतः भाजलेला केक आणला होता. दातारांचे दोन्ही हात हातात घेऊन ती क्रेओलमध्ये बरंच काही बोलली. त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नाही आणि सगळं कळलं. रत्नाताईंनी तिला चहा दिला, आणि ती गेल्यावर केक कापताना म्हणाल्या, “एकीचं पोर सुखी झालं. चला.”

इला फोन करते, आईच्या फोनवर. दातारांकडे फोन येतो तेव्हा ती विचारते, गोळ्या घेतल्यास का. ते म्हणतात, हं.

काल क्लासला वीरने पहिल्यांदाच शुद्ध गंधार लावला. नुसता लावला नाही, धरून ठेवला. बाकीची पोरंही वळून बघायला लागली. दातारांचं तोंड उघडलं. वीरने पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

यंत्र बंद होतं. बेसमेंट असं शांत की वर रत्नाताई भांडी लावताना ऐकू येत होत्या.

“पुन्हा,” दातार म्हणाले.

•

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी, इला कोटांच्या कपाटात गात असताना, श्रीराम दातार दाराबाहेर उभे होते, आणि आवाज फुटू नये म्हणून त्यांनी राखाडी मफलरचं टोक दातांत धरलं होतं.